एक चप्पल घातलेला म्हातारा

आधीच सांगतो, म्हणजे नंतर खाली कुणी ‘आजोबा, तुम्हाला भास झाला असेल’ असं लिहायला नको. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. कधीच नव्हतो. आमच्या कारखान्यात — कारखाना म्हणजे चादरीचा, सोलापुरात जुन्या माणसाला विचारा — लोक म्हणायचे की कोपऱ्यातला बंद माग आपोआप खडखडतो. कुणी तिथं नारळ फोडला, कुणी लिंबू बांधलं. मी जाऊन बघितलं तर सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या पेटीत उंदीर शिरलेला. तेव्हापासून कुणी भूत म्हटलं की मला उंदीरच दिसतो.

शाळा चौथीपर्यंत. पण वाचता येतं, लिहिता येतं, आणि समोरचा शेंडी लावतोय का तेही कळतं. हे मी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलंय. माझी नात ऋतुजा ते मोबाईलवर टाइप करून या ग्रुपवर टाकणार आहे. तिला ताकीद दिलीय — एक शब्द सुधारायचा नाही. चुकलं तर माझं चुकेल, तुझं काय जातंय?

इथले अनुभव ती मला वाचून दाखवते. पांढरी साडी, पिंपळ, घाटातलं वळण... मी हसतो. माझ्या अनुभवात यातलं काही नाही. त्यात आहे माझी बायको, दुपारची झोप, आणि — खरं लिहायला बसलोय तर लिहितोच — माझा जळफळाट.

तर ऐका.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं घर. दोन खोल्या, वर गच्ची, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत मुलाची मोटारसायकल आणि माझी खुर्ची. मुलगा-सून दोघंही कामाला जातात. दुपारी घरात आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, आणि कॉलेज नसलं तर ऋतुजा. बायकोचं नाव यमुना. मी नावानं हाक मारत नाही, ‘अगं’ म्हणतो, तीही ‘अवो’ म्हणते. एवढ्यावर आमचा संसार झाला. मी मागावर, ती घरी विड्या वळायची. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर मागानं खाल्लंय. तिच्या तळहातावर तव्याचा जुना डाग आहे. म्हणजे दोघांच्याही हातावर शिक्के. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ऋतुजा मोबाईलमध्ये बघून मधूनच स्वतःच्या हाताकडं टक लावून बघायची. जेवताना बघायची, गाडीवर बसताना बघायची. मी म्हणलं, “काय गं, मेंदी काढायची का?”

“आबा, याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात,” ती म्हणाली. “दिवसभर हात बघायचा आणि स्वतःला विचारायचं, मी जागी आहे का स्वप्नात? सवय लागली की स्वप्नातसुद्धा हात बघितला जातो. तिथं हात वेगळाच दिसतो. मग आपल्याला कळतं, हे स्वप्न आहे. आणि कळलं की स्वप्न आपल्या ताब्यात. पाहिजे तिथं जायचं, पाहिजे त्याला भेटायचं.”

“आणि तू कुणाला भेटणार हायस?” आजीनं आतून विचारलं.

“आजी, मला अजून जमलंच नाही! एक महिना झाला हात बघून.”

यमुना भाकरी थापता थापता म्हणाली, “एक म्हैना? मी तर जन्मभर बघतीया की.”

आणि ते खरं होतं. तिला लहानपणापासून सवय — सकाळी डोळे उघडले की आधी दोन्ही तळहात बघायचे, तोंडावरून फिरवायचे, मगच पाय खाली. बोटांच्या टोकाला लक्ष्मी असते म्हणतात. मी कधी बघितले नाहीत. माझ्या हातात लक्ष्मी नाही, कष्ट आहेत, आणि ते बघायला उठल्या उठल्या कशाला पाहिजे?

दोनच दिवसांनी दुपारी यमुना झोपेतून उठली आणि तशीच बसून राहिली. पदर सावरायचंही भान नाही. मी म्हणलं, “काय झालं? बीपी वाढलं का?”

“न्हाय वो,” ती म्हणाली. “मी सपनात उठून बसले. सवयीनं हात बघितला... तर तव्याचा डागच न्हाय. कवळा हात. मग मला कळलं की, अगं यमुने, हे सपान हाय.”

“मग?”

“मग काय... मग फिरून आले जरा.” आणि हसली. पण माझ्याकडं बघून नाही. भिंतीकडं बघून हसली.

ऋतुजानं उड्या मारल्या, “आजीला जमलं, आजीला जमलं!” मी पेपर उघडला. मला वाटलं, एक दिवसाचा खेळ.

पण तो खेळ रोजचा झाला. जेवण झालं की माझ्या बायकोला झोपायची घाई. पूर्वी दुपारी ती माझ्याबरोबर पडवीत बसायची, लसूण सोलायची, येणाऱ्या-जाणाऱ्यावर दोघं मिळून बोलायचो. ते बंद. भांडी तशीच, लसूण तसाच, आणि बाई आडवी. बरं, नुसती आडवी होईल तर यमुना कसली! आधी तोंड धुवायचं. मग केस सोडून, विंचरून, नीट अंबाडा. कुंकू सारखं करायचं. धुतलेलं पातळ नेसायचं. आणि मग झोपायचं.

तुम्हीच सांगा, झोपायला जाताना कुणी वेणीफणी करतं का?

मी खुर्ची पडवीतून उचलून आतल्या दाराशी नेली. पेपर तोंडासमोर, आणि पेपराच्या वरून नजर तिच्यावर. झोप लागली की थोड्या वेळानं तिच्या ओठांवर हसू यायचं. असं हसू की मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. ओठ हलायचे. बोलत असायची कुणाशी तरी. आणि उठली की चेहरा असा उजळलेला... जणू माहेराहून आली.

माहेर! तिथंच माझ्या डोक्यात किडा घुसला.

यमुनाचं माहेर जेऊरजवळ. तिच्या आत्याचा मुलगा वसंता, तिला तोच नवरा ठरलेला. आमच्याकडं आत्या-मामाच्या घरात सोयरीक करायची रीतच आहे. लहानपणापासून सगळं गाव तिला ‘वसंताची’ म्हणायचं. पुढं दोन्ही घरांत बांधावरून भांडण झालं, सोयरीक मोडली, आणि माझं नशीब उघडलं. वसंता दिसायला गोरापान, आवाज भजनात घुमायचा. जाऊन बरीच वर्षं झाली त्याला. पण तो जिवंत असतानाही मी त्याच्याकडं कधी पोटभर जेवलो नाही. आता जिवंत माणसाला अडवता येतं हो. मेलेल्याला, आणि तेही सपनात... कसा अडवणार?

एक दिवस मी बोललोच. ती आरशासमोर अंबाडा घालत होती.

“बरा हाय का वसंता?”

“कोण वसंता?”

“जेऊरचा. ज्याच्यासाठी रोज दुपारी नटतीस तो.”

तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मग अशी हसायला लागली की ठसका लागला. मी पाणी नेऊन दिलं — म्हणजे द्यावंच लागलं. पाणी प्याली, डोळे पुसले. आणि मग तिचं हसू कुठं गेलं कळलंच नाही.

“अवो,” ती म्हणाली, “मी बायडीला भेटायला जाते.”

बायडी म्हणजे आमची पहिली मुलगी. पाळण्यातलं नाव विजया, पण बायडीच म्हणायचो. चार वर्षांची होऊन तापानं गेली. आत्ताचा मुलगा तिच्यानंतरचा. त्याला बहीण होती हे नुसतं ऐकून माहीत. घरात तिचं नाव निघत नाही. काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण निघायचं बंद झालं. आणि तिचा एकसुद्धा फोटो नाही. तेव्हा कुठले घरोघरी फोटो? सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या मैदानावर, रंगवलेल्या मोटारीत बसवून फोटो काढायचे. त्या वर्षी बायडीचा काढायचा ठरलं होतं. तिच्या आईनं लाल रिबीनसुद्धा आणून ठेवली होती. जत्रा यायच्या आधी पोरगी गेली.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला बोललो नाही. मला बायडीचा चेहरा आठवत नाही. तिचं वजन आठवतं, खांद्यावर झोपली की किती जड व्हायची ते. ‘आण्णा, आण्णा’ करत माझ्या तुटक्या बोटाला धरून चालायची ते आठवतं. पण चेहरा... डोळे मिटले की तिथं नुसतं भुरकं दिसतं, धुतलेल्या चादरीवरच्या फुलासारखं. आणि इथं माझी बायको तो चेहरा रोज दुपारी डोळे भरून बघून येत होती!

“कशी दिसते?” मी विचारलं.

“कशी म्हंजे? बायडीसारखी.”

“तसं न्हाय. नाक कसं हाय? डोळे कसे हायत?”

“नाक तुमच्यावर गेलंय. डोळे... अवो, असं सांगता येतं का? वेणी घालू देत न्हाय धड. सारखी हलती.”

मला वाटलं होतं की वसंता नाही म्हटल्यावर माझं पोट थंड होईल. उलट जास्त पेटलं. वसंताचा काय, परका माणूस. पण बायडी माझीही होती की नाही? आई काय तेवढी एकटीच? मी काय कुणीच नव्हतो?

ऋतुजा मला समजवायला बसली. “आबा, तो आजीचा मेंदू आहे. आठवणी जोडून चेहरा बनवतो. खरं कुणी येत नाही.”

“मग माझा मेंदू काय बिनकामाचा हाय?”

“आजीला त्यातून अर्थ सापडलाय. मनात राहून गेलेलं ती पूर्ण करतेय.”

“अर्थबिर्थ तुझ्या कॉलेजात ठेव. मला हात बघायचं नीट शिकव.”

व्हय, मी सुरू केलं. जो माणूस अंगारा लावून घेत नाही तो दिवसभर स्वतःचा पंजा बघत हिंडायला लागला. चहाच्या टपरीवर हात बघ, सलूनमध्ये हात बघ. टपरीवाला म्हणाला, “आबा, आता कसलं भविष्य बघताय? निकाल लागून गेला की!” मी म्हणलं, “तू तुझा चहा उकळ.”

पण दुपारी आडवा झालो की काहीच नाही. आयुष्यभर मला सपनं पडलीच नाहीत फारशी. पडलं तर मागाचं. धागा तुटलाय आणि मी गाठ मारतोय, गाठ मारतोय, झालं सपान. आणि शेजारच्या खाटेवर बाई हसतेय, तिचे हात हवेत हळूहळू हलताहेत, तीन पदर घेऊन वेणी घालताहेत. मी उठून बसून बघायचो. एकाच खोलीत, हातभर अंतरावर माझी मुलगी, आणि मला तिकीटच नाही!

आणि उठल्यावर तिच्या बातम्या. “आज शेंगाची चटणी मागत होती, तिखट लागंल म्हणलं तरी ऐकंना.” “आज पाण्यात खेळून परकर भिजवला.” ती प्रेमानंच सांगायची, पण मला ते चटक्यासारखं लागायचं.

एकदा मी म्हणलं, “मला घेऊन चल.”

“कसं नेऊ? तितं काय एसटी जाते?”

“मग तू पण जाऊ नकोस.”

ती कूस बदलून झोपली. दुसऱ्या दिवशी ती झोपली आणि मी टीव्ही लावला, मोठ्यानं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांवर हसू आलं न आलं तोच हाक मारली, “अगं, चहा टाक!” ती दचकून उठली. हात तसेच हवेत. अर्धी वेणी धरलेली. माझ्याकडं असं बघितलं की मागाचा पट्टा तुटून अंगावर यावा.

“पोरीची वेणी अर्धी राहिली,” एवढंच म्हणाली. चहा केला, माझ्यापुढं ठेवला आणि बोलणं बंद.

मी पण कमी नाही. तीन दिवस मीही बोललो नाही. चौथ्या दिवशी पिशवीत दोन कपडे घातले, मोबाईल बंद करून खिशात टाकला आणि एसटीनं टेंभुर्णीला धाकट्या बहिणीकडं, सोजरकडं निघून गेलो. सत्तरी ओलांडलेला माणूस बायकोवर रुसून बहिणीच्या दारात उभा!

सोजरला कारण सांगितलं नाही. पण ती वकिलाच्या वरची. “काय रे दादा, वैनीनं हाकललं व्हय?”

“मला कोण हाकलणार? भेटायला आलो.”

“सणावाराला बोलावलं तर येत न्हाईस, आन् आज पिशवी घिऊन भेटायला? जेव आधी. पोट भरलं की राग उतरतोय.”

जेवलो. ज्वारीची भाकरी, वांगं, वर ताक. तिच्या घरामागं लिंबाखाली बाजलं टाकलेलं असतं. चपला काढल्या, बाजल्याखाली नीट जोडीनं ठेवल्या — मला सवय आहे, चप्पल वेडीवाकडी पडलेली चालत नाही — आणि पडलो. मनात काही नव्हतं. हात बघायचं तर पार विसरलो होतो.

आणि मग मी उभा होतो.

कुठं? आमच्या पहिल्या खोलीच्या उंबऱ्यावर. कारखान्यामागच्या चाळीतली ती खोली, कधीच पाडली ती. पण तशीच होती. चुलीमागची काळी भिंत, कोपऱ्यात विड्यांच्या तंबाखूचं सूप, खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी. मी दाराची चौकट धरली आणि धरलेल्या हाताकडं नजर गेली.

बोट पूर्ण होतं.

वरचं पेर, नख, सगळं. मी बोट वाकवलं, वाकलं. आणि मला कळलं — अरे, हे सपान हाय! मी तितं आलोय!

समोर यमुना पाठमोरी बसलेली. तरणी. तिची पाठ मी लांबून ओळखीन. आणि तिच्यापुढं छोटी, हिरव्या परकरातली, तीही पाठमोरी. वेणीला लाल रिबीन. मला ऋतुजाचं बोलणं आठवलं की घाई केली, जीव उतावीळ झाला की सपान फुटतं. म्हणून मी श्वास धरून उभा राहिलो. एक पाऊल आत टाकलं. फरशी गार लागली. एकाच पायाला गार लागली. खाली बघितलं तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. मला लाज वाटली. मुलीकडं इतक्या वर्षांनी आलो, आणि असा?

मी “बायडे” म्हणायला तोंड उघडलं. पण तोंडातून आवाजच येईना. बाहेरून मागाचा खडखडाट सुरू झाला, वाढतच गेला. तरी पोरगी वळली. तिनं माझ्याकडं बघितलं. पूर्ण तोंड भरून बघितलं. मग माझ्या पायाकडं बघितलं, मग परत तोंडाकडं... आणि आईचा पदर धरून मागं सरकली. दारात अनोळखी माणूस आला की पोरं सरकतात ना, तशी.

जागा झालो तेव्हा हायवेवरून ट्रक जात होता. मी डोळे मिटून तो चेहरा धरायला बघितला. पण मूठ आवळली तसं पाणी निसटलं. चेहरा गेला. राहिली ती नुसती नजर. परक्याकडं बघायची नजर.

तसाच पडून होतो. तेवढ्यात सोजर स्वतःचा मोबाईल घेऊन परसात आली. “घे. वैनीचा फोन. तुझा बंद हाय म्हणती.”

फोन कानाला लावला. बोलणं बंद होतं ना आमचं? तर हॅलो नाही, कसे आहात नाही, कधी येताय नाही. माझी बायको सोलापुरातून मला विचारते,

“तुमची एक चप्पल कुटं हाय?”

मी म्हणलं, “काय?”

“चप्पल, चप्पल. एकच हाय ना तुमच्याकडं?”

मी बाजल्यावरून खाली वाकलो. बाजल्याखाली एक चप्पल होती. डाव्या पायाची. उजवी नव्हती.

मंडळी, मी त्या वेळेपर्यंत खाली बघितलं नव्हतं. सपानाचं मी कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो, कुणी माझ्याजवळ आलंच नव्हतं. सोजर समोर उभी होती, तिनं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, “काय झालं रे? कोण गेलं?”

“कुणी न्हाय,” मी म्हणलं. “तुला कसं कळलं?” हे फोनमध्ये.

“बायडीनं विचारलं,” यमुनाचा आवाज बारीक झाला. “म्हणाली, आई, दारात तो एक चप्पल घातलेला म्हातारा कोण हाय? मी वळले, तर तुमी. मी म्हणलं, अगं, तुझा आण्णा हाय की तो.”

“मग?”

फोनमध्ये तिच्या बांगड्या वाजल्या. पदरानं तोंड पुसत असावी.

“म्हणाली... माझा आण्णा म्हातारा न्हाय.”

चप्पल कुत्र्यानं नेली होती. संध्याकाळी उसाच्या बांधावर सापडली, पट्टा चावलेला. तेव्हा ‘कुत्र्यानं नेली असेल’ असं लिहिणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. कुत्र्यानंच नेली. मला कुत्र्याचं नवल नाही. मी टेंभुर्णीत झोपलेला, बायको सोलापुरात झोपलेली, आणि चपलेची बातमी माझ्या आधी तिला. त्याचं काय करायचं ते सांगा. ऋतुजा त्या दुपारी घरीच होती. ती सांगते, आजी झोपेतून उठली ती थेट “आत्याआजीला फोन लाव” म्हणतच उठली. या वेळी ऋतुजानं मेंदू बाजूला ठेवला. ‘योगायोग’ म्हणाली, पण हळू आवाजात.

सोजरच्या सुनेच्या स्लिपर घालून मी त्याच संध्याकाळी परत आलो. यमुनानं दार उघडलं, माझ्या पायातल्या गुलाबी स्लिपर बघितल्या आणि म्हणाली, “शोभतात.” तेवढ्यावर बोलणं सुरू झालं.

पण माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं. माझा आण्णा म्हातारा न्हाय. ऋतुजाला विचारलं, “सपनात तुझी आजी तरणी कशी, आणि मी म्हातारा कसा?”

ती विचार करून म्हणाली, “आपण झोपताना स्वतःला जसं समजतो तसे जातो, बहुतेक. आजी तयारी करून जाते ना.”

बघा! म्हणजे ती वेणीफणी उगीच नव्हती. बाईला सगळं ठाऊक होतं, आणि मला शब्दानं बोलली नाही. परत जळलो मी. दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमध्ये जाऊन बसलो. म्हणलं, “केस काळे कर. मिशी पण.”

न्हावी म्हणाला, “आबा, लगीन ठरलं काय?”

“मुलीला भेटायला जायचंय.”

“मुलीकडं जाताना कुणी केस रंगवतं का?”

“तू रंग लाव. अक्कल लावू नको.”

तेव्हापासून रोज दुपारी आमच्या घरात हा कार्यक्रम. एका खाटेवर यमुना, अंबाडा घालून, धुतलेलं पातळ नेसून. दुसऱ्या खाटेवर मी, काळे केस, इस्त्रीचा शर्ट, आणि पायात दोन्ही चपला. व्हय, चपला घालूनच झोपतो. पहिल्या दिवशी सुनेला सुट्टी होती, ती बघून गेली. यमुनानं माझ्या पायाखाली जुनी चादर दुमडून ठेवली. चादर आमच्याच कारखान्याची आहे, अजून विटलेली नाही.

मला परत जाता आलेलं नाही. हात बघतो, विचारतो, आडवा होतो. कधी डोळा लागलाच तर माग, धागा, गाठ... तेवढंच. ती जाते. अजूनही रोज जाते. तिच्या ओठांवर हसू आलं की मी अजून तसाच जळतो. पण आता टीव्ही लावत नाही, चहा मागत नाही. तिची वेणी पुरी होईपर्यंत पेपरसुद्धा वाजवत नाही.

डॉक्टर, प्रोफेसर, भगत, ज्योतिषी, या ग्रुपवर सगळे असाल. मला याचा उलगडा झालेला नाही. ज्याला झाला असेल त्यानं लिहावं, पण चपलेसकट लिहावं. चप्पल वगळून सांगितलेलं उत्तर मी धरणार नाही.

परवाच्या दुपारी ती उठली. मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय मी, मलाही मान आहे. तिनं तळहात बघितले, तोंडावरून फिरवले, आणि आपणहून म्हणाली,

“आज विचारत होती.”

“काय?”

“तो म्हातारा परत येणार हाय का म्हणून.”

मी पायातल्या चपला सारख्या केल्या. “मग तू काय सांगितलंस?”

“म्हणलं, येणार हाय. रोज निघतोय बिचारा, पण त्याला झोपच लागत न्हाय.”